जुन्या स्कूटरच्या पुढील चाकास डिस्क ब्रेक : निवड कशी करावी?

ज्या घरांत वडिलांची किंवा आजोबांची जुनी स्कूटर अद्याप जपून ठेवलेली आहे, त्या घरांत आज ना उद्यां एक प्रश्न उपस्थित होतोच. मुलगा म्हणतो, "बाबा, हिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवूं या." वडील म्हणतात, "अरे, तीस वर्षें आम्ही याच ब्रेकवर हिंडलों. आम्हांला कधीं उणें पडलें का?" दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. मुलाचा मुद्दा असा कीं, आजच्या रस्त्यावर पुढें चाललेली मोटार फार थोड्या अंतरांत थांबते. आपली स्कूटर तितक्याच अंतरांत थांबली नाहीं, तर पुढें काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं. वडिलांचा मुद्दा असा कीं, जें यंत्र ज्या जोडणीनें कारखान्यांतून बाहेर पडलें, त्याचा एकच अवयव बदलला असतां बाकीचे अवयव तो बदल सोसतीलच असें नाहीं. हा वाद शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे. गिअरची स्कूटर चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. तेव्हां आमच्या विद्यार्थी वाचकांनीं तूर्त ही निवड समजून घ्यावी, व लिव्हर दाबण्याचें काम वडील मंडळींकडे असूं द्यावें.

उदाहरणादाखल आम्ही बजाज कंपनीची जुनी चेतक घेतों. पुण्याजवळ आकुर्डी येथें १९७२ सालापासून निघालेली ही स्कूटर मूळ इटलीच्या व्हेस्पाच्या वंशांतली. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव तिला मिळालें, आणि महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांनीं नवरा, बायको व दोन मुलें अशी चौघांची स्वारी तिच्यावरून केली. (२०२० सालीं बाजारांत आलेली विजेवरची चेतक निराळी, तिच्याशीं या लेखाचा संबंध नाहीं.) जुन्या चेतकचें वजन सुमारें शंभर किलो, चाकें दहा इंची, आणि दोन्ही चाकांस ड्रम ब्रेक. मागील ब्रेक उजव्या पायानें दाबावयाचा व पुढील उजव्या हातानें. पुष्कळ चालक पुढील ब्रेकला हातहि लावीत नाहींत, कारण "पुढचा दाबला कीं माणूस पालथा पडतो" अशी एक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ही समजूत किती खरी आहे, तें प्रथम पाहूं.

गाडी धांवत असतांना तिच्या अंगीं जी ऊर्जा असते, ती वजनाच्या प्रमाणांत व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. चेतकवर दोन माणसें बसलीं कीं एकूण वजन सुमारें २४० किलो होतें. ताशीं ५० कि.मी. वेगास ही ऊर्जा सुमारें २३,००० जूल भरते. ब्रेक म्हणजे या ऊर्जेची उष्णता करून ती हवेंत सोडून देणारें यंत्र. त्याचें दुसरें कार्य नाहीं. ब्रेक जर दर सेकंदास वेग ३ मीटरनें कमी करीत असेल, तर याच वेगावरून थांबावयास ३२ मीटर लागतात. तो ५ मीटरनें कमी करीत असेल तर १९ मीटर. फरक तेरा मीटरांचा, म्हणजे एका एस.टी. गाडीच्या लांबीहूनहि अधिक! वेग ताशीं ६० कि.मी. केला तर पहिला आंकडा ४६ वर जातो. शिवाय धोका दिसल्यापासून बोटें लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ५० च्या वेगास १४ मीटर वाट ब्रेक न लागतांच सरते. हे चौदा मीटर कोणत्याहि डिस्कनें परत मिळत नाहींत.

आतां पुढील चाकच महत्त्वाचें कां? चेतकचें एंजिन मागें, चालक मागें; म्हणून उभ्या गाडीच्या पुढील चाकावर भार थोडा असतो. एकच माणूस बसला असतां एकूण १७० किलोंपैकीं, समजा, ६५ किलो पुढें व १०५ मागें. परंतु ब्रेक लागतांच शरीर पुढें झुकतें तसाच गाडीचा भारहि पुढें सरकतो. गुरुत्वाच्या निम्म्या वेगानें गति मंदावली, भाराचा मध्य जमिनीपासून ६० सें.मी. उंच मानला आणि दोन चाकांतील अंतर सव्वा मीटर धरलें, तर सुमारें ४१ किलो भार मागून पुढें जातो. म्हणजे पुढें १०६ व मागें केवळ ६४ किलो. ज्या चाकावर भार अधिक, तेंच चाक रस्त्याला अधिक घट्ट धरतें. सबब, मागील ब्रेकवरच भिस्त ठेवणारा चालक गाडीची अर्ध्याहून अधिक थांबण्याची शक्ति वापरीतच नाहीं. पालथें पडण्याचें खरें कारण पुढील चाक अकस्मात् जाम होणें हें आहे. तें वाळूवर, शेणावर किंवा ओल्या रंगीत पट्ट्यांवर घडतें. हळूहळू वाढत जाणारा दाब देतां येईल असा पुढील ब्रेक असणें, हीच निवडीची पहिली कसोटी.

ड्रम ब्रेक वाईट असतो असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच्या पोटांत दोन शू असतात. त्यांपैकीं एक चाकाच्या फिरण्यानें आपोआप ड्रममध्यें अधिक रुतत जातो व चालकाच्या बोटांस फुकटचें साह्य करतो. या साह्यामुळेंच साध्या केबलनें ओढलेला ब्रेक गाडी थांबवूं शकतो. दोष दोन ठिकाणीं आहेत. पावसांत ड्रममध्यें पाणी शिरलें कीं लायनर सुकेपर्यंत ब्रेक लागत नाहीं. आणि घाटांत तो तापतो. तीनशे मीटर खोल घाट दोन माणसांनिशीं उतरतांना जी ऊर्जा निघते ती सुमारें सात लाख जूल, म्हणजे ५० च्या वेगावरून तीस वेळां थांबण्याइतकी. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरकतो, लायनरचें घर्षण मंदावतें, आणि लिव्हर मुठीपर्यंत येते. त्यांतच टू-स्ट्रोक एंजिन गाडीस फारसें रोखून धरीत नाहीं. शिवाय ऑइल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असल्यानें थ्रॉटल मिटून लांब उतार उतरणें एंजिनच्याहि हिताचें नसतें. डिस्क उघड्या हवेंत फिरते, लौकर निवते, आणि तिच्यावरील पाणी पॅड पुसून टाकतात. कोंकणांत व घाटमाथ्यावर राहणाऱ्यांस डिस्कचा मोह पडतो, तो अगदींच निष्कारण नाहीं.

तथापि आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, डिस्कसाठीं पैसा काढण्यापूर्वीं आहे तो ड्रम नीट करून पाहावा. ड्रम खराब म्हणून ज्या स्कूटरी दाखविल्या जातात, त्यांत पुष्कळदां केबल गंजलेली असते, कॅम सुकून अडकलेला असतो, ड्रम अंडाकृति झालेला असतो किंवा हबमधील ग्रीस लायनरवर उतरलेलें असतें. यांची परीक्षा घरच्या घरीं होते. लायनरवर खडू फासून चाक बसवावें, ब्रेक हलका धरून चाक चार-सहा वेळां फिरवावें व पुन्हां उघडून पाहावें. जेथील खडू पुसला गेला तेवढाच भाग ड्रमला टेकतो. पुष्कळ वेळां ही जागा दोन बोटांएवढी निघते! असे शू लेथवर ड्रमच्या मापाचे करून घेतले व नवी केबल टाकली, तर थोड्या खर्चांत ब्रेकची शक्ति कितीतरी वाढते. एक सूचना येथेंच देऊन ठेवतों : ड्रममधील धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें कधींहि उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या लायनरमध्यें ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतु फुप्फुसांस घातक आहेत.

एवढें करूनहि समाधान झालें नाहीं तर डिस्ककडे वळावें. दुचाकींवरील डिस्कचा इतिहास स्कूटरपासूनच सुरू होतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. मोटारींच्या शर्यतींत १९५३ सालीं फ्रान्सांतील ल मान् येथें जॅग्वारनें डिस्कच्या जोरावर विजय मिळविला. त्यानंतर नऊ वर्षांनीं, १९६२ सालीं, इटलीच्या इनोचेंती कंपनीनें लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरच्या पुढील चाकास डिस्क दिली. ती हबच्या आंत झांकलेली होती व केबलनेंच ओढली जाई. द्रवाच्या दाबावर चालणारी डिस्क घेऊन होंडाची सीबी ७५० ही मोटरसायकल १९६९ सालीं आली. व्हेस्पाच्या पीएक्स स्कूटरला मात्र डिस्क मिळावयास १९९८ साल उजाडलें.

डिस्कला ड्रमसारखें आपोआप रुतण्याचें साह्य नाहीं. तिला बाहेरूनच मोठा दाब द्यावा लागतो. तो देण्याची युक्ति म्हणजे पास्कलचा नियम, जो आमचे विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतात : बंदिस्त द्रवास दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोंचतो. हँडलवरील मास्टर सिलिंडरांत एक लहान दट्ट्या असतो व चाकाजवळील कॅलिपरांत मोठा. लहान दट्ट्याचा व्यास १२ मि.मी. व मोठ्याचा ३० मि.मी. असला, तर त्यांच्या क्षेत्रफळांचें प्रमाण व्यासांच्या वर्गांप्रमाणें, म्हणजे ९०० भागिले १४४, अर्थात् सव्वासहा पट येतें. बोटांनीं ८ किलोचा जोर दिला. लिव्हरनें तो पांचपट करून ४० केला. द्रवानें तो २५० किलो केला. घर्षणाचा गुणक ०.४ धरला व पॅड डिस्कच्या दोन्ही अंगांस घासतात हें लक्षांत घेतलें, तर डिस्कवर २०० किलोची ओढ पडते. ही ओढ आंसापासून साडेआठ सें.मी. वर लागते व टायर साडेएकवीस सें.मी. वर जमिनीला टेकतो. म्हणून रस्त्यावर ७९ किलो उरतात. वरील १७० किलोच्या गाडीची गति गुरुत्वाच्या जवळजवळ निम्म्यानें मंदावण्यास एवढें पुरेसें आहे, आणि तेंहि केवळ दोन बोटांच्या जोरावर.

येथेंच बाजारांतील बहुतेक फसगत होते. दुकानदार एका मोटरसायकलचा मास्टर सिलिंडर व दुसऱ्या गाडीचा कॅलिपर एकत्र बांधून देतो आणि "साहेब, मोठा सिलिंडर आहे, जबरदस्त लागेल" म्हणून सांगतो. गणित नेमकें उलट बोलतें! १२ ऐवजीं १५ मि.मी. चा मास्टर सिलिंडर घातला, तर प्रमाण सव्वासहावरून चारवर येतें. लिव्हर दगडासारखी कठीण लागते, चालकास वाटतें कीं ब्रेक मोठा भक्कम झाला, आणि गाडी मात्र एक-तृतीयांशाहून अधिक जोर गमावते. उलट १० मि.मी. चा घातला तर प्रमाण नऊ होतें, परंतु लिव्हरचा प्रवास जवळजवळ दीडपट वाढतो. पॅड जरा झिजले कीं ती मुठीला टेकते. म्हणून मास्टर सिलिंडर व कॅलिपर हे एकाच रचनाकारानें एकमेकांसाठीं योजलेले असावेत. विकणारा दोन्ही दट्ट्यांचे व्यास सांगूं शकत नसेल, तर त्याच्याकडून माल घेऊं नये.

ज्यांस हा नियम हातानें अनुभवावयाचा असेल त्यांनीं सुया नसलेल्या दोन नव्या सिरिंजा घ्याव्या, एक बारीक व एक जाड. दोन्हींत पाणी भरून त्या नळीनें जोडाव्या व दोन मित्रांनीं एकेक दट्ट्या दाबून पाहावा. बारीक सिरिंज धरणारा सशक्त मित्रासहि सहज हटवितो. मात्र त्याचा दट्ट्या लांबवर जातो आणि मित्राचा थोडाच सरकतो. मग नळींत मुद्दाम हवेचा एक बुडबुडा सोडून पुन्हां दाबावें. दट्ट्या स्पंजासारखा आंत जाईल आणि पलीकडे कांहींच घडणार नाहीं. ब्रेकची "हवा काढण्या"साठीं मिस्त्री तासभर कां खपतो, तें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां फोर्कविषयीं. आमच्या मतें सर्व निवडीचें मर्म येथें आहे, आणि ग्राहकाचें लक्ष येथेंच सर्वांत कमी असतें. चेतकचा पुढील फोर्क दोन पायांचा नसून एकाच बाजूचा आहे. व्हेस्पाचा मूळ रचनाकार कोर्रादिनो दास्कानियो हा विमानविद्येचा एंजिनिअर होता, व १९४६ सालच्या पहिल्या व्हेस्पाचें चाक त्यानें विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच अंगानें धरलें. पंक्चर झाल्यास चाक चटकन् काढतां यावें, ही त्यांतील सोय. फोर्कच्या खालच्या टोकाशीं एक आंखूड दांडा आहे; तो पुढील बाजूस खिळलेला असून त्याच्या मागील टोकाशीं आंस असतो. ब्रेकची तबकडी या दांड्यालाच जोडलेली असते. ब्रेक लागला कीं फिरतें चाक या दांड्यास आपल्याबरोबर फिरवूं पाहतें, दांड्याचें मागील टोक वर उचललें जातें, आणि गाडीचें तोंड खालीं बसतें. भार पुढें सरकल्यानें तें बसतेंच. त्यांत ही भर. आतां याच दांड्यावर दुप्पट जोराचा ब्रेक लादला तर शॉक ॲब्सॉर्बर तळाला टेकेल, चाक उड्या मारूं लागेल, आणि ऐन वेळीं रस्त्याची पकड सुटेल. म्हणून डिस्क बसविणाऱ्यानें नवा व योग्य ताठरपणाचा शॉक आधीं बसवावा. कांहीं संचांत कॅलिपर दांड्याला न खिळतां वेगळ्या सळईनें फोर्कशीं जोडलेला असतो, त्यामुळें तोंड कमी बसतें. असा संच मिळाल्यास तो अवश्य पसंत करावा.

बाजारांत जे मार्ग आढळतात त्यांपैकीं एकाचा आम्ही स्पष्ट निषेध करतों. तो म्हणजे जुन्या फोर्कला वेल्डिंगनें लोखंडी कान जोडून त्यावर मोटरसायकलचा कॅलिपर टांगणें. हें काम स्वस्त असतें व रंग दिल्यावर सुबकहि दिसतें. पण वेल्डिंगच्या उष्णतेनें तेथील पोलाद बदलतें, आणि प्रत्येक ब्रेकबरोबर त्याच जागीं ताण पडत राहतो. भेग वर्षभर रंगाखालीं वाढत राहते आणि शेवटीं एका सकाळीं फोर्क दगा देतो. मागील सीटवर त्या वेळीं कोण बसलेलें असेल याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

उरलेले मार्ग दोन. एक, जुना फोर्क ठेवून त्याच्या आंसाच्या मापाचा तयार हब-डिस्क संच बसविणें. दुसरा, डिस्कसाठींच बनविलेला संपूर्ण फोर्क घालणें. पीएक्सचा, किंवा कानपूरच्या एल.एम.एल. कंपनीनें डिस्कसह परदेशीं पाठविलेल्या स्कूटरींच्या जातीचा. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. त्यांत दांडा, आंस, शॉक व कॅलिपर यांचा विचार कारखान्यानें एकत्र केलेला असतो, आणि चेतकचा मूळ फोर्क अखंड राहून हवा तेव्हां परत घालतां येतो. मात्र फोर्क विकत घेण्यापूर्वीं कांहीं मापें जुळवून पाहिलींच पाहिजेत : फोर्कच्या नळीची लांबी, हँडलच्या बेअरिंगांच्या जागा, मडगार्डचे बोल्ट आणि स्पीडोमीटरची केबल. नव्या हबवर आपली स्टेपनी चढते का, हेंहि दुकानांतच पाहावें. रात्रीं रस्त्यांत तें कळून उपयोग नाहीं. ज्यांच्या घरीं लॅम्ब्रेटा किंवा लखनौची विजय सुपर आहे, त्यांची गोष्ट थोडी सोपी. तिचा फोर्क दोन पायांचा आहे आणि जुन्या टीव्ही १७५ च्या धर्तीचे डिस्क हब परदेशांत आजहि तयार होतात.

हँडलकडील बाजूसहि निवड आहे. चेतकच्या हँडलचें कवच एकसंध ओतीव असून मूळ लिव्हर त्यांतच बसते. तेथें मास्टर सिलिंडर घालावयाचा तर कवच कापावें लागतें किंवा निराळें आणावें लागतें. दुसरा उपाय म्हणजे जुनी लिव्हर व केबल तशीच ठेवून, खालीं फोर्कजवळ केबलनें ओढला जाणारा लहान मास्टर सिलिंडर लावणें. यांत केबलचें घर्षण व ताणणें राहतें, म्हणून लिव्हरची जाणीव तितकी स्वच्छ नसते. पण कांहींच कापावें लागत नाहीं. शोभेसाठीं नव्हे तर रोजच्या वापरासाठीं ठेवलेल्या कुटुंबाच्या स्कूटरीस आम्ही हाच मध्यममार्ग सुचवूं, अर्थात् केबल उत्तम प्रतीची व दर पावसाळ्यापूर्वीं तपासलेली असेल तर.

टायर विसरूं नये. ब्रेक चाक थांबवितो, गाडी थांबवितो तो टायर. टायरच्या बगलेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असूनहि रबर दहा वर्षांचें असेल तर तें कडक झालेलें असतें. त्यावर डिस्क बसविणें म्हणजे चाक अधिक लौकर जाम करण्याची सोय करणें होय.

पालकांनीं कायद्याची बाजूहि पाहावी. मोटर वाहन कायदा १९८८ याच्या कलम ५२ अन्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. तेव्हां फोर्क बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारणा करणें शहाणपणाचें. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याचे नियम २०२१ सालीं निघाले. त्यांत वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें अशी अट आहे. १९७२-७३ च्या चेतक आतां त्या वयाच्या झाल्या आहेत. अशा स्कूटरच्या मालकानें तर कापाकापीचा कोणताहि मार्ग धरूं नये.

ब्रेक बसविल्यावरचें काम थोडक्यांत सांगतों. ऑइल सीलबंद डब्यांतील डॉट-३ किंवा डॉट-४, जें संचाबरोबर सांगितलें असेल तेंच घालावें. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि नवें असतां २३० अंशांपर्यंत न उकळणारें डॉट-४ ऑइल ओल पिऊन १५५ अंशांसहि उकळूं शकतें. म्हणून दर दोन वर्षांनीं, दमट किनाऱ्यावर त्याहून लौकर, तें बदलावें. रंगावर थेंब सांडला तर ताबडतोब पाण्यानें धुवावा, नाहींतर रंग जातो. नवे पॅड पहिल्या दिवशीं पुरते धरीत नाहींत. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ४० च्या वेगावरून वीस-पंचवीस वेळां हलक्या हातानें वेग कमी करावा, दोन वेळांच्या मध्यें डिस्क निवूं द्यावी, आणि त्या अवधींत मागें कोणास बसवूं नये. शंभर कि.मी. झाल्यावर कॅलिपरचे बोल्ट पुन्हां आवळून पाहावे. काढलेला जुना फोर्क, ड्रम व शू यांस ग्रीस लावून तीं सर्व गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर ठेवावीं, आणि बोल्ट व वॉशर एका डब्यांत घालून त्यावर कोणता कोठला तें लिहून ठेवावें.